अस्वलाची बेगमी

वैशाखाचा शेवट जवळ आला म्हणजे जुन्या वळणाच्या घरांतून पावसाळ्याच्या बेगमीची धांदल सुरू होते. गच्चीवर पापड आणि कुरडया वाळूं लागतात, धान्याला ऊन दाखवून तें डब्यांत भरलें जातें, लोणच्याच्या बरण्यांचीं तोंडें फडक्यांनीं बांधलीं जातात. ही तरतूद चार महिन्यांची असते. आणि तींत कांहीं उणें पडलें, तर बाजार जवळ असतो, शेजारहि असतो. युरोप, आशिया व उत्तर अमेरिका या खंडांच्या उत्तरेकडील अरण्यांत मात्र एक प्राणी असा आहे, कीं त्याला सहा महिन्यांची बेगमी उरलेल्या सहा महिन्यांत करावी लागते. त्याला कोठी नाहीं, बरणी नाहीं आणि उसनें देणारा शेजारहि नाहीं. त्याचें अंग हीच त्याची कोठी, आणि तींत सांठवावयाचें धान्य म्हणजे चरबी. हा प्राणी म्हणजे तपकिरी अस्वल.

महाराष्ट्राच्या ओळखीचें अस्वल निराळें. एके काळीं दरवेशी ज्याला दोरी बांधून दारोदार नाचवीत असत, आणि मेळघाटच्या किंवा ताडोबाच्या रानांत जें आजहि आढळतें, तें लांब केसांचें काळें अस्वल वेगळ्या जातीचें आहे. वारुळें फोडून वाळवी ओढून घ्यावी, उन्हाळ्यांत मोहाचीं फुलें वेचावीं, जांभळें-बोरें खावीं, असा त्याचा बारमाही उद्योग चालतो. हिवाळा त्याच्या तोंडचा घास काढून घेत नाहीं. हिमालयाच्या उंच उतारांवर, काश्मीर, लडाख व हिमाचल प्रदेश या भागांत तपकिरी अस्वलें आहेत, पण तीं थोडीं. या जातीचें खरें राज्य उत्तरेस. जगांतील तपकिरी अस्वलांपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या रशियांत आहेत. अमेरिकेंत ज्याला ग्रिझली म्हणतात, तेंहि याच जातीचें. परंतु त्याच्या दिनक्रमाचा जितका बारकाईनें अभ्यास स्वीडनमध्यें झाला आहे, तितका फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. तेथें १९८४ पासून शास्त्रज्ञ अस्वलांच्या गळ्यांत संदेश पाठविणारे पट्टे बांधून त्यांचा माग घेत आले आहेत. म्हणून या प्राण्याचें वर्ष प्रथम स्वीडनच्या मध्यभागीं, डालार्नाकडील पाइन व स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यांत पाहणें सोयीचें होईल.

प्राणिशास्त्रज्ञ अस्वलाची गणना मांसभक्षकांच्या गणांत करितात. त्याचे सुळे त्या गणाला शोभण्यासारखेच आहेत. पण दाढा पाहिल्या, तर त्या माणसाच्या दाढांप्रमाणें रुंद, सपाट आणि दळण्याच्या उपयोगाच्या दिसतात. आंतडें मात्र मांसाहाऱ्याचेंच राहिलें आहे. गाईम्हशींप्रमाणें गवतांतील चिवट तंतु आंबवून पचविण्याची सोय त्यांत नाहीं. यामुळें अस्वल मोठ्या पेचांत असतें. त्याला पाला खातां येतो, पण त्यांतून सत्त्व थोडें मिळतें. मांस चांगलें पचतें, पण तें वाटेल तेव्हां हातीं लागत नाहीं. तेव्हां ज्या वेळीं जें सर्वांत पोषक असेल तें त्या वेळीं खावयाचें, आणि त्याचा बहर ओसरतांच पुढच्या पदार्थाकडे वळावयाचें, हा एकच मार्ग त्याला उरतो. त्यासाठीं लागणारीं साधनें निसर्गानें त्याला दिलीं आहेत: माती उकरणारीं लांब नखें, कुजका ओंडका सहज उलथून टाकणारे खांदे, एकेक फळ अलगद टिपणारे लवचिक ओठ, आणि दूरवरचा वास हेरणारें नाक.

ही सारी धडपड कशासाठीं, हें कळण्यास आधीं हिवाळ्याकडे पाहिलें पाहिजे. ऑक्टोबरच्या सुमारास डालार्नाकडील अस्वल आपल्या बिळांत शिरतें. पुष्कळदां हें बीळ म्हणजे मुंग्यांचें जुनें, ओस पडलेलें वारूळ पोखरून केलेली खोली असते. तेथें तें पांच ते सात महिने पडून राहतें. या काळांत तें खात नाहीं, पीत नाहीं, मलमूत्रविसर्जनहि करीत नाहीं. हृदयाचे ठोके मिनिटास दहाच्या आसपास येतात. शरीराचें उष्णतामान मात्र कांहीं अंशच उतरतें. एरवीं मूत्रावाटे निघून जाणारा युरिया त्याचें शरीर पुन्हां उपयोगांत आणतें व त्यांतील नत्रापासून प्रथिनें घडवितें. म्हणून महिनोन्महिने निश्चल राहूनहि त्याचे स्नायु फारसे झिजत नाहींत. जळते ती मुख्यतः चरबी.

मादीच्या बाबतींत या चरबीवर आणखी एक भार असतो. अस्वलांचा समागम मे-जूनच्या सुमारास होतो. पण गर्भ लागलीच वाढीस लागत नाहीं. फलित बीज अगदीं लहान अवस्थेंत गर्भाशयांत तसेंच तरंगत राहतें आणि नोव्हेंबरच्या सुमारास, मादी बिळांत शिरल्यावर, तें रुजतें. पिल्लें जानेवारींत जन्मतात. त्या वेळीं त्यांचें वजन जेमतेम अर्धा किलो असतें. डोळे मिटलेले, अंगावर केस नसल्यासारखेच. बाहेर हिम सांचलेलें असतें आणि आंत उपाशी आई त्यांना दूध पाजीत असते. हें दूध येतें कोठून? गेल्या शरद ऋतूंत जमविलेल्या चरबींतून. पाळीव अस्वलांवर झालेल्या अभ्यासांत असें दिसून आलें आहे, कीं मादीच्या अंगांतील चरबी तिच्या वजनाच्या एकपंचमांशाहून कमी असली, तर तिला पिल्लें होत नाहींत. म्हणजे ज्येष्ठांत केवळ शक्यता निर्माण होते. निकाल लागतो तो शरदांतल्या शिध्यावर. अस्वलाच्या आहाराचा विचार करितांना हें एक सूत्र ध्यानांत ठेविलें, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप जुळत जातात.

एप्रिलमध्यें बर्फ विरघळूं लागतें. प्रथम नर बाहेर येतात. लहान पिल्लें असलेल्या माद्या सर्वांत मागाहून. पहिले कांहीं आठवडे अस्वल फारसें खात नाहीं. दीर्घ उपवासानंतर शरीर हळूहळू पूर्ववत् होत असतें. रानांतहि तेव्हां वाढून ठेविलेलें थोडेंच असतें. हिवाळ्यांत मेलेल्या एखाद्या मूसचें कलेवर सांपडलें, तर तो मोठा लाभ. मूस म्हणजे आपल्या सांबराहून कितीतरी मोठें, उत्तरेचें प्रचंड हरिण. त्याखेरीज गतवर्षींचीं कांहीं फळें बर्फाखालीं टिकून राहिलेलीं असतात. लिंगनबेरी नांवाच्या लाल, आंबट फळांत न कुजूं देणारें एक अम्ल स्वभावतःच असतें. त्यामुळें झुडुपांवरच मुरांबा घालून ठेवावा, तशीं तीं वसंतापर्यंत राहतात. पुढें कोंवळें गवत फुटतें. तें जून होण्यापूर्वीं त्यांत तंतु कमी व प्रथिनें अधिक असतात, आणि अस्वलाच्या साध्या आंतड्याला तेवढेच दिवस तें मानवतें.

मेच्या अखेरीस व जूनमध्यें मूसच्या माद्या वितात. या वासरांची शिकार अस्वलें करितात. पण त्यांतील बहुतेक शिकार वासरांच्या आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतच होते. पुढें वासरूं पायांनीं इतकें चपळ होतें, कीं त्याचा पाठलाग अस्वलाला परवडत नाहीं. ज्याला लोक क्रूर श्वापद म्हणून भितात, त्याचें शिकारी जीवन वर्षांतून असें कांहीं आठवड्यांचें असतें. त्याच सुमारास मुंग्यांचाहि हंगाम येतो. पाइनच्या वाळलेल्या पात्यांचे ढीग करून राहणाऱ्या रानमुंग्या, आणि कुजक्या बुंध्यांत घर करणारे मोठे काळे मुंगळे, या दोहोंना अस्वल शोधून काढतें. आपल्याकडील अस्वलाला वरच्या जबड्यांतील मधले दोन दांत नसतात, आणि त्या फटींतून तें नळीनें ओढावी तशी वाळवी ओढून घेतें. तपकिरी अस्वलापाशीं तसलें खास साधन नाहीं. तें पंजानें ढीग उलथून मुंग्या आणि त्यांचे कोश जिभेनें चाटून घेतें. घास लहान, पण प्रथिनांनीं भरलेला. आणि मुंगळ्यांनीं पोखरलेला बुंधा सांपडला, तर एका जागीं पुष्कळ घास मिळतात.

जुलैच्या उत्तरार्धांत अरण्याच्या जमिनीवर गुडघ्याएवढीं झुडुपें निळसर काळ्या फळांनीं भरून जातात. हीच बिलबेरी. दिसावयास लहान करवंदासारखी, आकारानें हरभऱ्याहून फारशी मोठी नाहीं. तिच्या मागोमाग काळी क्रोबेरी आणि शेवटीं लाल लिंगनबेरी पिकते. येथपासून अस्वलाचा खरा सुगीचा काळ सुरू होतो. दिवसाच्या चोवीस तासांपैकीं बहुतेक वेळ तें खाण्यांत घालवितें. प्रयोगांत हवीं तितकीं फळें दिलीं, तेव्हां अस्वलांनीं एका दिवसांत आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश फळें खाल्लेलीं आढळलीं. म्हणजे शंभर किलो वजनाची मादी दिवसास तीस किलोंहून अधिक फळें खाऊं शकते, आणि तींहि हरभऱ्याएवढीं! या भरांत असलेलें मोठें अस्वल दिवसास २०,००० उष्मांकांपर्यंत अन्न पोटांत घालतें. साधारण कष्ट करणाऱ्या माणसाला दोन-अडीच हजार उष्मांक पुरतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या भुकेची कल्पना येते. फळांतील साखरेची शरीरांत चरबी होते. आणि बिया विष्ठेवाटे दूरदूर पडून नव्या झुडुपांची पेरणी होते. अरण्याचें देणें अस्वल अशा रीतीनें अंशतः फेडतें.

याच दिवसांत स्वीडनमधील माणसेंहि कुटुंबेंच्या कुटुंबें मिळून रानांत फळें वेचावयास जातात. अरण्य कोणाच्याहि मालकीचें असो, त्यांतील रानफळें सर्वांनीं वेचावीं, असा तेथें परंपरेचा हक्क आहे. फणीसारखे दांते असलेल्या लहान सुपड्यांनीं तीं झुडुपें विंचरतात आणि घरीं मुरांबे करितात. बेगमी तेथें दोघांचीहि एकाच रानांत, एकाच महिन्यांत चालते.

येथें एक शंका येईल. केवळ फळांवर जर इतकी चरबी वाढते, तर मुंग्या, वासरें आणि मासे यांच्या मागें अस्वलानें कां लागावें? आणि मांस जर इतकें पौष्टिक, तर तें मिळत असतां फळांसाठीं रान कां तुडवावें? अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांत चार्ल्स रॉबिन्स व त्यांचे सहकारी यांनीं पाळलेल्या अस्वलांवर या प्रश्नाचा अभ्यास केला. अस्वलांपुढें निरनिराळे पदार्थ ठेवून तीं स्वतः काय निवडतात, हें त्यांनीं पाहिलें. अस्वलें अशा रीतीनें मिश्रण करीत, कीं एकंदर उष्मांकांपैकीं सुमारे १७ टक्के प्रथिनांपासून मिळावे. आणि नेमक्या याच प्रमाणांत त्यांचें वजन सर्वांत झपाट्यानें वाढे. नुसत्या फळांत प्रथिनें कमी पडतात, नुसत्या मांसांत फार होतात. भात, वरण, भाजी आणि तूप यांचें प्रमाण पानांत साधणारी सुगरण जें अनुभवानें करिते, तेंच अस्वल स्वतःच्या जिभेच्या आधारानें करीत असतें.

या निवडीचें एक विलक्षण उदाहरण स्वीडनपासून फार दूर, अलास्काच्या दक्षिणेकडील कोडियाक बेटावर पाहावयास मिळालें. तेथील अस्वलें जगांतील सर्वांत मोठ्या अस्वलांत गणलीं जातात, आणि त्यांच्या या आकाराचें कारण म्हणजे समुद्रांतून नद्यांत अंडीं घालण्यासाठीं चढून येणारे सामन मासे. मासे विपुल असले म्हणजे अस्वल त्यांतील मेंदू, कातडी आणि अंडीं एवढाच स्निग्ध भाग खाऊन बाकीचा टाकून देतें. तो कांठावर कुजून झाडांना खत होतें. एरवीं उथळ ओढ्यांतील मासे आधीं येत आणि एल्डरबेरी नांवाचीं लाल फळें नंतर पिकत. अस्वलाला दोन पंक्ती मिळत. परंतु २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें, कीं उष्ण वर्षीं हीं फळें कांहीं आठवडे आधीं, ऐन माशांच्या हंगामांत पिकलीं. आणि जीं अस्वलें एरवीं ओढ्यांतील २५ ते ७५ टक्के मासे मारीत, तीं मासे सोडून डोंगरावर फळें खावयास गेलीं. या फळांत प्रथिनांचें प्रमाण अस्वलाला हव्या असलेल्या प्रमाणाच्या जवळचें असतें. अस्वलानें आपल्या दृष्टीनें योग्यच निवड केली. पण दोन पंक्तींची एक पंक्ति झाली, आणि ओढ्याकांठच्या झाडांचें व इतर प्राण्यांचें वाढप तेवढ्यापुरतें थांबलें. अन्न नाहींसें झालें नव्हतें. त्याची तिथि तेवढी बदलली होती.

कोठें तिथि बदलते, तर कोठें पदार्थच पानांतून उठतो. अमेरिकेच्या अंतर्भागांत, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत, समुद्राचे सामन नाहींत. तेथील ग्रिझली अस्वलांनीं आपली बेगमी निराळ्या पदार्थांवर बसविली होती. उंच डोंगरांवर श्वेतवल्कल पाइन नांवाचें झाड असतें. त्याच्या बिया चिलगोज्यासारख्या, तेलानें भरलेल्या. खारी त्याचीं बोंडें तोडून जमिनींत ढीग घालून ठेवतात, आणि अस्वल हे ढीग लुटतें. दुसऱ्याच्या बेगमीवर आपली बेगमी! त्याहून नवलाची गोष्ट पतंगांची. सपाट मैदानांतून लक्षावधि पतंग उन्हाळ्यांत पर्वतांवर येतात, रात्रीं फुलांतील मध पितात आणि दिवसा दगडांच्या राशींखालीं दडून बसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांचें अंग निम्म्याहून अधिक चरबीचें झालेलें असतें. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच अशा त्या दगडांच्या उतारांवर अस्वलें जमतात आणि दगड उलथून पतंग खातात. एक अस्वल दिवसास ४०,००० पर्यंत पतंग खातें, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण पाइनच्या त्या झाडांना युरोपांतून आलेल्या एका बुरशीनें ग्रासलें, आणि या शतकाच्या आरंभीं साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनीं प्रचंड संख्येनें त्यांचा नाश केला. कडक थंडी या भुंगेऱ्यांच्या अळ्या मारीत असे. हिवाळे सौम्य झाल्यावर तो पहारा ढिला पडला. २०२२ मध्यें अमेरिकन सरकारनें हें झाड धोक्यांत आलेल्या जातींच्या यादींत घातलें. यलोस्टोन सरोवराचीहि तीच कथा. त्यांतील मूळचे कटथ्रोट ट्राउट मासे वसंतांत उथळ ओढ्यांत चढून येत, तेथें अस्वलें त्यांना पकडीत. माणसानें सोडलेली दुसरी एक मोठी, मासेखाऊ ट्राउटची जात १९९४ मध्यें त्या सरोवरांत आढळली. तिनें मूळचे मासे खाऊन संपवीत आणले. आणि ती स्वतः खोल पाण्यांत राहत असल्यामुळें अस्वलाच्या हातीं लागत नाहीं. तेथील अस्वलें अर्थात् उपाशी बसलीं नाहींत. तीं एल्क हरिणांच्या पाडसांकडे व इतर मांसाकडे अधिक वळलीं. पण ज्या वर्षीं पाइनच्या बिया पिकत नाहींत, त्या वर्षीं अस्वलें उंच रान सोडून खालीं उतरतात. खालीं गुरें आहेत, घरें आहेत, उघड्यावर टाकलेला उकिरडा आहे आणि बंदूक आहे. अस्वलाच्या मृत्यूचें कारण कागदावर 'माणसाशीं संघर्ष' असें लिहिलें जातें. त्याचा आरंभ कोठेंतरी उंचावर, न पिकलेल्या बोंडांत झालेला असतो.

स्वीडनमध्येंहि हा प्रश्न वेगळ्या रूपानें उभा आहे. तेथें १९३० च्या सुमारास शिकारीमुळें अस्वलांची संख्या अवघी १३० च्या आसपास उरली होती. संरक्षण मिळालें, आणि आज ती दोन हजारांवर गेली आहे. एका देशानें शहाणपण दाखविल्याचें हें फळ. आतां तेथें परवान्यानें मर्यादित शिकार होते व तिचा हंगाम २१ ऑगस्टला सुरू होतो. म्हणजे ऐन बेगमीच्या दिवसांत. शास्त्रज्ञांना असें दिसलें आहे, कीं शिकार सुरू होतांच अस्वलें सकाळच्या वेळीं फळें खाण्याचें कमी करितात, कारण शिकारी त्याच वेळीं रानांत असतात. गोळी एकाला लागते. भीतीनें गेलेला घास मात्र अनेकांचा जातो. शिवाय बिलबेरीला विरळ सावलीचें जुनें रान मानवतें. रान सरसकट तोडलें, कीं तिची झुडुपें खंगतात. तोडलेल्या रानांतील बुंध्यांत मुंगळे वाढतात हें खरें, पण मुंगळ्यांनीं जूनची भूक भागते, सप्टेंबरची बेगमी होत नाहीं. त्यांत फुलोऱ्याच्या वेळीं कडाक्याचें दंव पडलें किंवा भुंगे-मधमाश्या बाहेर आल्या नाहींत, तर त्या वर्षीं फळ धरत नाहीं. अशा वर्षामागून येणाऱ्या वसंतांत पिल्लें अंगानें हलकीं भरतात, आणि ज्या माद्या मुळांतच हलक्या असतात, त्यांना पिल्लें होण्याचा संभव कमी होतो, असें तेथील दीर्घ निरीक्षणांतून आढळून आलें आहे.

अस्वल हा चतुर प्राणी आहे. मुंगीपासून मूसपर्यंत आणि पतंगापासून सामनपर्यंत जें मिळेल त्यावर तें संसार चालवूं शकतें, आणि एक पदार्थ गेला तर दुसरा शोधतें. म्हणूनच तें इतक्या देशांत टिकून राहिलें. परंतु त्याच्या चातुर्याला कालाची मर्यादा आहे. वसंतांत झालेली चूक उन्हाळ्यांत सुधारतां येते. शरदांत पडलेली तूट भरून काढावयास पुढें ऋतुच उरत नाहीं. अस्वलाचें रक्षण म्हणजे त्याला न मारणें, एवढाच अर्थ पूर्वीं पुरेसा वाटत असे. आतां त्याच्याबरोबर झुडुपांची सावली, ओढ्यांतील मासे, उंचावरचीं झाडें आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधील निवांत सकाळ यांचाहि विचार करावा लागतो.

पावसाच्या दिवसांत कोठींतला डबा उघडून त्यांत धान्य पुरेसें आहे असें पाहिल्यावर गृहिणीला जें समाधान होतें, तें अस्वलाच्या मादीला कळत असेल कीं नाहीं, हें सांगतां यावयाचें नाहीं. पण तिच्या शरीराला तो हिशेब बिनचूक कळतो. नोव्हेंबरच्या काळोखांत, हिमाखालीं, तें आपली कोठी एकदां तपासून पाहतें. आणि तींत दोन जीवांपुरतें अधिक असेल, तरच जानेवारींत त्या बिळांत पिल्लाचा पहिला आवाज ऐकूं येतो.